ताडपत्रीखालचा उजेड

मी कविता लिहितो, पण माझं पोट ताडपत्रीवर चालतं. मिरजेच्या बाजारात आमचं दुकान आहे. बी. ए. झालो तेव्हा अब्बा म्हणाले, ‘नोकरी लगे तक गल्ले पे बैठ.’ नोकरी लागली नाही आणि गल्ला सुटला नाही. त्यामुळे आज बोलायचं आहे ते उघड्यावर राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कापड कोणतं असावं आणि त्याचा रंग कोणता असावा, याविषयी.

अब्बा कापडी राहुट्या शिवत. आषाढी वारीच्या आधी महिनाभर आमच्या ओट्यावर दिंड्यांची कापडं पडलेली असत. एखादं उंदरांनी कुरतडलेलं, एखाद्याची शिवण उसवलेली. नवी राहुटी शिवून झाली की अब्बा ती परसात उभी करत आणि बादल्यांनी पाणी ओतून चिंब भिजवत. वाळली की पुन्हा भिजवत. नव्याकोऱ्या कापडाचे हे हाल कशाला, असं मला वाटे. कारण साधं होतं. सुती धागा पाणी पिऊन फुगतो, त्यानं विणीतल्या फटी बुजतात आणि सुईनं पाडलेली भोकंही बुजतात. राहुटी न्यायला आलेल्या वारकऱ्याला अब्बा बजावत, ‘माऊली, पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट लावू नका.’ बोट टेकलं की तिथूनच पाणी आत उतरू लागतं. कापड ओलं असताना घडी घातली तर बुरशी धरते, ते वेगळंच. पण कोरडं असताना सुती कापड श्वास घेतं. दुपारी त्याच्या सावलीत झोप लागते.

मग प्लॅस्टिक आलं. हलकं, स्वस्त, पाण्याला दाद न देणारं. त्याच्याखाली मात्र पहाटे माणसाच्या श्वासाचंच पाणी होऊन अंगावर टपकतं. डोंगरात भटकणारा माझा भाचा नायलॉनचं तलम छत नेतो. ते मुठीत मावतं, पण ओलं झालं की सैल पडतं आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिस्टर तेवढं सैल पडत नाही, हे त्याला मी सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. ते असो.

आमच्या गिऱ्हाइकाला लागते ती विणलेल्या प्लॅस्टिकची ताडपत्री. तिचा दर्जा जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, ताडपत्री तराजूवर ठेवायला सांगा. बारा बाय अठरा फुटांची ताडपत्री साधारण वीस चौरस मीटर भरते. ती दोनशे जीएसएमची असेल तर वजन चार किलोच्या आसपास हवं. अडीच किलो भरली तर समजून घ्या. चार महिने उन्हात राहायचं असेल तर दोनशेच्या खाली उतरू नये, असं माझं मत आहे. धंदेवाल्यानं हे रेडिओवर सांगू नये म्हणतात.

वजन मी नीट सांगत असे. रंगाचं मात्र चुकलं.

दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड करणारी कुटुंबं आमच्या भागात येतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. वाकवलेले बांबू, चटई, वर पाचट नाहीतर कागद. इथे कागद म्हणजे प्लॅस्टिकच. 2018 च्या हंगामात एक जोडपं दुकानात आलं. बाई अवघडलेली होती. त्यानं विचारलं, ‘चाचा, कोणती घेऊ?’ पिवळी होती, काळी होती, निळी होती. मी म्हटलं, ‘निळी घे बाबा, आभाळासारखी वाटते.’ कवितेतही हा रंग मी फार वापरलेला. त्यानं पैसे मोजले आणि निळी घेऊन गेला.

जानेवारीत एका मित्राच्या शेतावर गेलो तर तेच जोडपं तिथे तोडीला होतं. बाळ आठवड्याचं झालं होतं. कोपीत वाकून पाहिलं तर सगळंच निळं. चूल, हंडा, बाईचा चेहरा, बाळाचा चेहरा. आजी म्हणाली, ‘नातू लई शांत हाय, रडत नाय.’ मीही ‘शांत आहे’ म्हणून कौतुक केलं. तेवढ्यात गावातल्या आशाताई आल्या. सातव्या दिवसाची भेट त्यांच्या कामातच असते. त्यांनी आत पाहिलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, ‘बाळाला बाहेर उजेडात आणा.’ बाहेर आणलं. उन्हात त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा होता, छाती पिवळी, पोट पिवळं. बाळ शांत नव्हतं, मलूल होतं. कावीळ चढत होती आणि माझ्या निळ्या ताडपत्रीनं ती झाकून ठेवली होती.

मित्राच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. तिथे बाळाला निळ्या दिव्याखालीच ठेवलं, कारण कावीळ उतरवायला तोच उजेड लागतो. पण रंग तपासताना नर्सबाई दिवा बंद करत. ते पाहताना मला दुकानाच्या फळीवर रचलेला निळा माल दिसत होता. पाचव्या दिवशी बाळ घरी, म्हणजे कोपीत, आलं.

तेव्हापासून मी रंग पाहू लागलो. काळी ताडपत्री उन्हाला जास्त टिकते, कारण तिच्यात काजळी घातलेली असते. पण दुपारी तिच्याखाली बसवत नाही. पिवळीखाली उजेड छान पडतो, पण तिथे सगळेच पिवळे दिसतात. नारिंगी लांबून दिसते, डोंगरात वाट चुकलेल्याला ती उपयोगी. पांढरी ऊन परतवते आणि माणसाचा खरा रंग दाखवते. पण विरळ पांढरी असेल तर रात्री आत दिवा लावला की बाईमाणसाची सावली बाहेरून दिसते. हे मला एका ऊसतोड करणाऱ्या मावशींनी सांगितलं, माझ्या ध्यानात कधी आलं नसतं. निर्वासितांना आंतरराष्ट्रीय मदत संस्था जी चार बाय सहा मीटरची ताडपत्री देतात, ती दोन्ही बाजूंनी पांढरी असते आणि आतली वीण काळी. उजेड त्या कापडातून फारसा येत नाही, म्हणून दार मोठं ठेवावं लागतं, पण सावली पडत नाही. मला विचाराल तर राहण्यासाठी अशीच घ्यावी. पाचट काढून टाकू नये, ताडपत्री त्याच्यावर घालावी, म्हणजे आत ऊन झिरपत नाही. चूल मात्र बाहेर मांडावी.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. माझ्या दुकानातला होता नव्हता तेवढा माल चार दिवसांत संपला. बहुतेक निळाच होता. रंग कुणी विचारला नाही, मीही सांगितला नाही.

दिवाळीनंतर ते जोडपं पुन्हा आलं. मूल आईच्या कडेवर होतं, माझ्या तराजूची साखळी ओढत होतं. बाप म्हणाला, ‘चाचा, औंदा पांढरी द्या.’ दुकानात पांढरी नव्हती. मी कोल्हापूरला फोन लावला. चार दिवस लागतील म्हणाले. त्यांना संध्याकाळपर्यंत कोपी उभी करायची होती. अब्बांची एक जुनी सुती राहुटी माळ्यावर होती, ती खाली काढली आणि म्हटलं, तोवर ही वापर. आणि पाऊस आला तर आतून बोट लावू नकोस.