अक्षरें तींच, शब्द निराळा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना आवडणारा एक खेळ आहे. ई, ए आणि टी हीं तीन अक्षरें घ्यावयाचीं आणि त्यांच्या जागा बदलीत जावयाचें. एका मांडणींत ‘ईट’ म्हणजे खाणें होतें, दुसरींत ‘एट’ म्हणजे खाल्लें, तिसरींत ‘टी’ म्हणजे आपला सकाळचा चहा. खेळ मौजेचा खरा. पण तो डोळ्यांचा आहे. कागद समोर नसेल तर या तिन्ही शब्दांचीं अक्षरें एकच आहेत हें नुसत्या कानाला कळावयाचें नाहीं. मराठीची गोष्ट वेगळी. आपलें अक्षर जेथें जाईल तेथें आपला आवाज बरोबर घेऊन जातें. ‘नव’ उलटें केलें तर ‘वन’, ‘रस’ उलटा केला तर ‘सर’, आणि ‘दीन’ उलटा केला तर चक्क ‘नदी’! एका जुन्या संस्कृत सुभाषितकारानें तर विद्वानांनाच चिमटा काढला आहे. ‘साक्षरा’ उलटें वाचलें कीं ‘राक्षसा’ होतें. ‘सरस’ मात्र कसाही वाचा, सरसच राहतो. सोळाव्या शतकांत गोदातीरच्या दैवज्ञ सूर्य कवीनें रामकृष्णविलोमकाव्य रचलें. तें सरळ वाचलें तर रामकथा आणि उलट वाचलें तर कृष्णकथा. वाचतांना दम लागतो, हें कबूल केलें पाहिजे.

हे झाले मुद्दाम मांडलेले खेळ. मला बोलावयाचें आहे तें माणसाची जीभ आपण होऊन जो खेळ खेळते त्याविषयीं.

माझें बालपण खटाव तालुक्यांत, येरळेकांठच्या वडूज गांवीं गेलें. आमच्या बाजारांत ‘नुकसान’ कोणाचें होत नसे, ‘नुस्कान’ होई. आणि ‘मतलब’ कोणी साधीत नसे, ‘मतबल’ साधी. पुढें शिक्षणासाठीं मी शहरांत आलों. एके दिवशीं वर्गांत, “अवकाळी पावसानें ज्वारीचें नुस्कान झालें,” असें बोलून गेलों आणि सारा वर्ग हंसला. मास्तरांनीं मला उभें करून शुद्ध शब्द दहा वेळां म्हणावयास लाविला. शब्द सुधारला, पण नंतर कितीतरी दिवस मीं वर्गांत तोंड उघडलें नाहीं. एवढ्यावर भागलें असतें तरी बरें होतें. सुटींत घरीं गेलों तेव्हां आईच्या तोंडून तोच शब्द आला आणि मीं तिला, मास्तरांच्याच सुरांत, दुरुस्त केलें. ती कांहीं बोलली नाहीं. त्यानंतर ती माझ्यासमोर ‘तोटा’ म्हणूं लागली.

त्या वेळीं मला ठाऊक नव्हतें कीं या चुकीला शास्त्रांत प्रतिष्ठित नांव आहे: वर्णविपर्यय. निरुक्तकार यास्क चातीला ‘तर्कु’ कां म्हणतात हें सांगतांना ‘कृत्’ म्हणजे कातणें या धातूकडे बोट दाखवितो. क आणि त यांनीं जागा बदलल्या, एवढेंच. बाराव्या शतकांत गुजराथेंत हेमचंद्राचार्यांनीं आपल्या प्राकृत व्याकरणांत अशा शब्दांसाठीं एकामागून एक सूत्रें लिहिलीं. वाराणसीचें ‘वाणारसी’ झालें. त्याच वाटेनें पुढें बनारस. ‘लघुक’चें ‘हलुअ’ झालें. त्यांतून आपलें ‘हळू’ आणि ‘हलकें’. ‘ह्रद’ शब्दाचें ‘द्रह’ झालें. तोच आपला डोह. ‘ललाट’ म्हणजे कपाळ, त्याचें ‘णिडाल’ झालें. तें आपलें निढळ, ज्याचा घाम गाळून शेतकरी पिकवितो. निढळ हें आमच्या खटाव तालुक्यांतील एका गांवाचेंहि नांव, म्हणून हा शब्द मला विशेष जवळचा. अचलपुराचें ‘अलचपुर’ होतें असेंहि हेमचंद्र सांगतात. आणि वऱ्हाडांतील आपलें अचलपूर इंग्रजी अमदानींत एलिचपूर म्हणून ओळखलें जाई.

पण याच मालिकेंतील एक सूत्र वाचतांना मी थबकलों. ‘महाराष्ट्र’ या शब्दांत ह आणि र यांची अदलाबदल होते, आणि त्याचें प्राकृतांत ‘मरहट्ठ’ होतें! म्हणजे मराठा आणि मराठी हे शब्दच मुळीं नुस्कानाच्या जातीचे. ज्या भाषेची शुद्धता राखण्यासाठीं मला बांकावर उभें केलें, तिचें नांवच जिभेनें फिरवून ठेविलेलें होतें. मास्तर घराला जें कुलूप लावीत तें तरी कोणतें शुद्ध? मूळ अरबी शब्द ‘कुफ्ल’. फ मागें गेला, ल पुढें आला. इंग्रजांनाहि हें सुटलेलें नाहीं. त्यांचा ‘बर्ड’ पूर्वीं ‘ब्रिड’ होता. आज तो कोणी ‘ब्रिड’ लिहील तर त्याचेच गुण कापले जातील.

अर्ज किंवा पंचनामा लिहितांना ‘नुकसान’ असेंच लिहावें, याविषयीं माझा वाद नाहीं. सरकारी कागदाला एक वळण लागतें, आणि भरपाईचा प्रश्न असेल तेथें तर तें पाळलेलेंच बरें. पण बोलतांना क आणि स यांनीं जागा बदलल्या, तर ती अडाणीपणाची खूण कशी? ‘क्स’पेक्षां ‘स्क’ जिभेला सोपा गेला असेल, इतकेंच.

हेमचंद्रांचें तें सूत्र माझ्या वाचनांत आलें तेव्हां आई हयात नव्हती. अलीकडे वडूजच्या बाजारांत एक बाई शेजारणीला सांगत होती कीं पावसानें बटाटा कुजला. मीं विचारलें, “नुस्कान किती झालं?” तिनें टोपली बाजूला सारली आणि शेतांतली सारी हकीकत सांगितली.