निर्वासितांचा आरोग्यविमा : निकष रहिवासाचा की नागरिकत्वाचा?



गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ साली वसली तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच. तो भंडाऱ्यातून १९९९ साली वेगळा झाला. जिल्ह्याहून जुनी असलेली ही वस्ती सरकारी दप्तरात मात्र अजून बहुतांशी परकीयांचीच आहे.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२३ च्या निर्णयाने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांना खुली केली आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत नेले. घोषणा सर्वांसाठी, पहारा मात्र कागदाचा! अधिवासाचा दाखला भारतीय नागरिकास मिळतो. निर्वासिताच्या हाती असते ते परकीय म्हणून दिलेले नोंदणी प्रमाणपत्र. उरली शिधापत्रिका. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने रेशन व आरोग्य योजनांचे लाभ या लोकांना द्यावेत असे म्हटले खरे, परंतु अंमल राज्यांवर सोपविला.

नागरिकत्वाच्या निकषाची विसंगती तर एकाच घरात दिसते. आईबाप तिबेटातून आलेले. १९८६ साली येथे जन्मलेला थोरला मुलगा कायद्याने भारतीय, आणि १९८८ साली त्याच घरात जन्मलेला धाकटा परका. कारण १ जुलै १९८७ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळेनासे झाले. आजार अर्थातच तारीख पाहून येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी निर्वासितांच्या मध्यवर्ती प्रशासनाने २०१२ साली वर्गणीवर चालणारी स्वतःची वैद्यकीय योजना काढली. हे स्वावलंबन कौतुकास्पद आहे. तथापि विमा संख्येवर तगतो. समूह लहान व वर्गणी ऐच्छिक असली की धडधाकट माणूस बाहेर राहतो, आजारी आत येतो आणि वर्गणीचा बोजा वाढत जातो. कोट्यवधींच्या समूहात एका घरचा कर्करोग कोणास जाणवतही नाही; काही हजारांच्या समूहात तोच निधीला भगदाड पाडतो. शिवाय हिवाळ्यात स्वेटर विकण्यासाठी परगावी जाणारा माणूस नेमका तेथेच आजारी पडला, तर वसाहतीचा दवाखाना दूर राहतो.

साबण-तेलावरचा कर भरताना या लोकांना कोणी प्रमाणपत्र विचारीत नाही. आधार क्रमांकासाठीही १८२ दिवसांचा रहिवास पुरतो. मग उपचारासाठीच नागरिकत्व का? योजनेच्या पात्र कागदांत नोंदणी प्रमाणपत्राची भर घालण्यास विधेयकाची गरज नाही, शासन निर्णय पुरे आहे. अर्जुनी मोरगावच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी तहसील कचेरीपासून मंत्रालयापर्यंत लावून धरावी.