घरचे वाय-फाय आणि न बोलावलेला पाहुणा



संगणकाविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न आपणांस पडला असेल. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला लिपिक. परंतु गेल्या उन्हाळ्यात माझ्याच घरी जे घडले, त्यामुळे हा विषय मला शिकावा लागला.

संध्याकाळचे सात वाजले की आमचे इंटरनेट रांगायला लागायचे. मुलीचा ऑनलाइन वर्ग मध्येच अडकायचा. तक्रार केली; माणूस आला, वायर हलवून गेला. शेवटी एका रविवारी राउटरवरच्या चिठ्ठीतील पत्ता ब्राउझरमध्ये घालून मी राउटरचे पान उघडले आणि जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. घरात फोन चार, टीव्ही एक. यादीत नोंदी अकरा! रोकड जुळली नाही की पोटात गोळा येतो, तसे झाले.

कोणी चार चित्रफिती पाहिल्या तर बिघडले काय, असे आपण म्हणाल. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल आला, तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या उघड्या वाय-फायवरून पाठवला गेला होता. पाठवणारा दुसराच, पण पोलीस प्रथम पोहोचले ते त्या गृहस्थाच्या दारी. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्यालाच आधी उत्तर द्यावे लागते.

मी त्या सहा उपकरणांना ‘ब्लॉक’ केले. दोन दिवसांत काही पुन्हा हजर! कारण ब्लॉक होतो तो उपकरणाचा मॅक पत्ता, आणि आजचे फोन तो बदलून दाखवू शकतात. वाय-फायचे नाव लपवा, असेही कोणी सुचवतात. त्याने चोर अडत नाही, पाहुण्यांची मात्र पंचाईत होते.

खरा उपाय पासवर्ड बदलणे हाच. तो बदलला की सगळेच बाहेर पडतात. माझा पासवर्ड म्हणजे माझाच मोबाईल नंबर होता. बसवणाऱ्याने घातला, मी तसाच ठेवला. फोन राउटरशी जोडला जाताना जी देवाणघेवाण होते, ती बाहेरचा माणूस टिपून ठेवू शकतो आणि मग निवांत बसून संगणकाकडून लाखो पासवर्ड लावून पाहतो. दहा आकड्यांचा नंबर त्यापुढे किती टिकणार? म्हणून पासवर्ड लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द चालतील. सुरक्षेच्या प्रकारांत डब्ल्यूपीए-३ असेल तर तो, नसल्यास डब्ल्यूपीए-२ निवडावा. जुना डब्ल्यूईपी २००१ सालीच निकामी ठरला आहे.

डब्ल्यूपीएस ही सोयही बंद करावी. तिचा पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो. त्यामुळे जेमतेम अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ साली उघड झाले. आम्हां बँकवाल्यांना हा पडताळणीचा आकडा चांगला ठाऊक. तो चूक पकडतो, चोर नव्हे!

आणखी एक. वाय-फायचा पासवर्ड ही दाराची किल्ली, तर राउटरच्या पानाचा पासवर्ड ही तिजोरीची. दुसरा पुष्कळ घरी कंपनीने दिलेलाच राहतो. तोही बदलावा.

आता पाहुणा कोण ते सांगतो. शेजारचा मुलगा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. पासवर्ड त्याला दिला होता माझ्याच आईने! त्याच्याकडून क्यूआर कोडने तो मित्रांकडे गेला. मुलाला बोलावून त्या अमेरिकन गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा उतरला. घरी त्याच्या तिघा भावंडांत एकच फोन आणि रोजचा डेटा दुपारीच संपतो, हे तेव्हा कळले. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करता येते. ते चालू करून त्याचा पासवर्ड फक्त त्याला दिला. त्यातही धोका माझ्याच नावावर आहे, हे मी जाणतो, आणि दर महिन्याला तो बदलतो.

आई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पासवर्ड बदलल्याने तिची मालिका बंद पडली होती, आणि रिमोटने एकेक अक्षर शोधत नवा पासवर्ड टीव्हीत घालायला मला पाऊण तास लागला.