ठाण्यात आपलं स्वागत

परिषदेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, समुपदेशक, शिक्षक, पालक आणि मागच्या रांगा आधीच पकडून बसलेले विद्यार्थी,

ठाण्यात आपलं स्वागत! 'याला आता ठाण्याला पाठवा' असं कुणी म्हटलं की अख्खा महाराष्ट्र हसतो. १९०१ पासून इथं असलेल्या मनोरुग्णालयाची ही ख्याती! पण याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाबद्दल चारचौघांत बोलायची आम्हाला सवय लावली. तेव्हा मुलांच्या मनाविषयीच्या या परिषदेचं यजमानपद ठाण्याकडे येणं रास्तच.

मी शाळेचा कारभार पाहणारा माणूस. शास्त्र तज्ज्ञ सांगतील. पण 'मुलं मदत मागत नाहीत' ही तक्रार मला पटत नाही. ती मागतात. आपण त्यांची मागणी भलत्याच रजिस्टरात नोंदवतो. मुलगा बाक मोडतो, त्याची नोंद शिस्तभंगात. परीक्षा आली की मुलीचं पोट दुखतं, तिची नोंद गैरहजेरीत. मुलांच्या किंवा मुलींच्या, कुठल्याच रांगेत ज्याचा जीव रमत नाही, त्या मुलाला तर घरचेच 'सरळ करून द्या' म्हणत दवाखान्यात नेतात. असले 'उपचार' म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच बजावलं आहे. पालकसभेत हे कुणी सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

१०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथं समुपदेशक नेमा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. नेमणुका होतील. पण त्यांची खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून, समोर शिपाई बसलेला, अशी असेल तर आत पाऊल कोण टाकणार? मुलगे तर नाहीतच. 'रडूबाई' हे नाव एकदा पडलं की दहावीपर्यंत सुटत नाही.

म्हणून 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मला मोलाचा वाटतो. सेवा मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. आणि बोलणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नाही. आपल्या फायलीत त्याचं स्टिकर आहे. ते सूचनाफलकावर नको, स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा. शाळेत मूल एकटं असतं ते तिथंच.

दुपारच्या सत्रात विद्यार्थी बोलतील. तेव्हा आपण मोठ्यांनी मध्येच उत्तरं द्यायची नाहीत, ही यजमानाची एकच अट. बाकी जेवणापासून माइकपर्यंतच्या तक्रारी खुशाल माझ्याकडे आणा.