आमच्या अंगणातली भांगलण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या सभासद भगिनीने घरगुती विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठा विषय घ्यायचा तर ज्ञान उसने आणावे लागेल. म्हणून ज्यात माझे हात नेहमी बुडालेले असतात, तोच विषय घेतला आहे. तो म्हणजे अंगणातले तण.

तण काढण्याला आपल्या सातारा-सांगलीकडे भांगलण म्हणतात, नगरकडे खुरपणी, विदर्भात निंदण. नाव काहीही असो, खुरपे मात्र सगळीकडे बाईच्याच हातात! म्हणून गेल्या वर्षी आषाढात मी घरात जाहीर केले की, येत्या रविवारी सगळ्या घराने मिळून अंगण भांगलायचे. पावसाने माती मऊ झाली होती, मुळे अलगद निघाली असती. सगळ्यांनी आनंदाने होकार दिला. रविवार अजून चार दिवस लांब होता ना!

रविवारी सकाळी आमचे हे सर्वांच्या आधी हजर झाले, पण स्टूल घेऊन. काम म्हटले की देखरेख करणारे कोणीतरी हवे, असे त्यांचे म्हणणे. बसल्या बसल्या त्यांनी माहिती दिली की, गाजर गवत खाणारा एक मेक्सिकन भुंगेरा असतो, तो १९८४ साली सरकारी शास्त्रज्ञांनी बंगळूरला मुद्दाम सोडला, आणि पावसाळ्यात तो ह्या गवताची पाने फस्त करतो. माहिती अगदी खरी आहे. मी म्हटले, "फार छान. तो आपल्या अंगणात येईपर्यंत त्याची पाळी तुम्ही करा."

थोरल्या मुलाने मोबाईल काढला. रोपाचा फोटो काढून नाव शोधायचे आणि मगच उपटायचे, असा त्याचा नियम. अर्ध्या तासात त्याने तीन रोपांची लांबलचक शास्त्रीय नावे वाचून दाखवली, उपटले मात्र एकही नाही. धाकटीचा हात उलट फार चपळ. तिने एक कोपरा बघता बघता आरशासारखा लख्ख केला. त्या कोपऱ्यात मी पंधरा दिवसांपूर्वी झेंडू पेरला होता.

आणि सासूबाई! त्या जोत्यावर न्यायाधीशासारख्या बसल्या होत्या. मी आघाड्याला हात घातला की, "अगं, राहू दे तो. श्रावणात जिवतीला माळ कशाची करशील?" हरळी उपटायला गेले तर, "गणपतीला दूर्वा काय बाजारातून आणणार?" टाकळा दिसला की, "कोवळा आहे, उद्या भाजी कर." कुर्डूचेही तेच. शेवटी मी लव्हाळ्याकडे वळले. तो तर शेतकऱ्याचा जन्माचा वैरी. वरून ओढावा तर नुसते पाते हातात येते, आणि जमिनीखालच्या गाठींतून चार दिवसांत पुन्हा कोंब निघतात. पण सासूबाईंनी त्यालाही सोडवले. "त्याच्या गाठी म्हणजे नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात काय घालशील?" असा एकेका तणाला जामीन मिळत गेला.

दोन तासांनी मी हिशेब केला. चहा तीन वेळा, पोहे एक पातेले, तण एक घमेले. आणि त्या घमेल्यात निम्मा झेंडू!

भगिनींनो, इथवर हसण्याचे झाले. पण पुढे जे घडले, त्यासाठीच मी आज उभी राहिले आहे.

आमच्या भिंतीपलीकडे एक मोकळा प्लॉट आहे. तिथे गाजर गवत कमरेइतके वाढले होते. प्लॉट मोकळा, म्हणून ते गवत कोणाच्याच कामात नव्हते. भाद्रपदात ते पांढऱ्या फुलांनी भरून गेले. सासूबाईंची जास्वंद नेमकी त्याच भिंतीला लागून. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून पहाटेची पूजेची फुले त्यांनी कधी दुसऱ्याला तोडू दिली नाहीत. त्यांच्या पापण्या सुजू लागल्या. मानेला आणि हातांना अशी खाज सुटली की रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घराजवळ गाजर गवत आहे का?" त्यांनी सांगितले की, ह्या गवताच्या स्पर्शाने आणि वाऱ्याबरोबर उडणाऱ्या कणांनी कित्येकांच्या अंगावर पुरळ उठते, काहींना शिंका आणि दम्याचा त्रास होतो. औषधाने आराम पडतो, पण गवत तिथेच राहिले तर दुखणे परत येते.

तेव्हापासून सासूबाई सकाळी खिडकीत बसून जास्वंदीकडे पाहत असत. ज्या माउलीने सगळ्या तणांना जामीन दिला, तिलाच एका तणाने घरात कोंडले.

मग मात्र मला कोणाला हाक मारावी लागली नाही. ह्यांनी स्टूल आपणहून माळ्यावर टाकले आणि प्लॉटच्या मालकांना फोन करून परवानगी घेतली. मुलाचा मोबाईल खिशात गेला. त्या वेळी गवत फुलले होते, बी सांडले होते, तरी जमेल तेवढे काढले. यंदा पहिल्या पावसापासून दर पंधरवड्याला, फूल येण्याच्या आधी, मुळासकट उपटतो. मोकळ्या झालेल्या जागेत सासूबाईंनी टाकळ्याचे बी टाकायला लावले. मुलाने नंतर वाचून सांगितले की, टाकळा दाट पेरला तर गाजर गवत दबते, असे शास्त्रज्ञांचेही सांगणे आहे. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या मोबाईलला आज कळले होय!" आता त्या पुन्हा अंगणात येतात. फुले धाकटी तोडते, पण कोणते तोडायचे ते त्याच सांगतात.

हे गवत मूळचे आपल्या मातीतले नव्हे. ते अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात लोकांच्या नजरेत आले आणि तिथून देशभर पसरले. आघाडा, दूर्वा, टाकळा ही आपल्या आजीच्या ओळखीची मंडळी. गाजर गवत आजीला ठाऊक नव्हते, म्हणून त्याच्याविषयीचा इशाराही आपल्याला घरातून मिळाला नाही. तो आपणच आपल्या मुलींना दिला पाहिजे.

उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात हे रोप फुलते, आणि एका रोपाला १०,००० हून अधिक बी येते. ते बी भिंत ओळखत नाही. एका घराने कितीही भांगलले तरी शेजारचा प्लॉट फुलला की श्रम वाया. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा देशात गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. त्या आठवड्यातल्या रविवारी आपल्या सगळ्या आळीने एकत्र भांगलण करावी, अशी माझी मंडळाला विनंती आहे. पण तोवर वाट पाहू नका. फूल दिसण्याआधीच पहिला हात मारा. हातमोजे घाला, नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, नाकातोंडाला फडके बांधा. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना दूर ठेवा. फुललेले रोप खताच्या खड्ड्यात टाकू नका, नाहीतर खताबरोबर बीही शेतात जाईल.

आणि त्या दिवशी घरातील पुरुषमंडळींना अवश्य बरोबर आणा. स्टुले मात्र घरी ठेवून या.