डिझेलची गाडी आणि घाटाची वाट

डोंबिवलीच्या किंवा कल्याणच्या कोणत्याहि वसाहतींतून सकाळीं सहाच्या सुमारास एक फेरी मारून पाहावी. घरांतील मिळवतीं माणसें डबा घेऊन स्टेशनकडे धांवत असतात. आणि इमारतीखालीं, कापडी आच्छादन पांघरून, त्यांची मोटार मात्र निवांत उभी असते. सोमवारपासून शनवारपर्यंत तिला कोणी विचारीत नाहीं. मुंबईला जावयाचें तर लोकल आहे, बाजारांत जावयाचें तर रिक्षा आहे. मग ही मोटार घेतली तरी कशासाठीं? या प्रश्नाला त्या घरांतील लहानथोर सर्व एकच उत्तर देतील: गांवाला जाण्यासाठीं. गणपतींत कोंकण, उन्हाळ्यांत देश, वर्षांतून एकदां कुलदैवत. आणि दूर जावयाचें म्हणून गाडी डिझेलची. हा निर्णय आपल्या भागांतील अनेक कुटुंबांनीं घेतला. त्यांच्या त्या गाड्यांपैकीं कित्येक आतां वृद्ध झाल्या आहेत, आणि त्यांचें पुढें काय करावें हा प्रश्न दाराशीं येऊन ठेपला आहे. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

ठाणें आणि कल्याण हा मुलूख मूळचाच वाटसरूंचा. कल्याण हें प्राचीन बंदर. तेथें उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून सह्याद्रि चढून जुन्नरकडे जात असे. सातवाहनांच्या काळांतील त्या नाणेघाटांत राणी नागनिकेचा शिलालेख आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजहि पाहावयास मिळतो. त्या रांजणांत जकात गोळा होत असे, असें परंपरा सांगते. पुढें १० नोव्हेंबर १८३० रोजीं भोर घाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि १८५४ सालीं कल्याणला पोंचली. तेथें तिला दोन फांटे फुटले; एक १८६३ मध्यें भोर घाट चढला, दुसरा १८६५ मध्यें थळ घाट. साधन बदललें, पण एक गोष्ट बदलली नाहीं. कल्याणहून देशावर जावयाचें म्हणजे घाट चढावयाचा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडे गेले आणि आईवडिलांसाठीं गंगेची कावड घेऊन परत आले. घरच्या माणसांसाठीं दूरची वाट तुडविण्याची ती हौस आपल्या रक्तांतच आहे. आज कावडीची जागा मोटारीनें घेतली इतकेंच.

आतां घाट चढण्यासाठीं डिझेलचें इंजिनच लोकांना कां आवडलें, हें समजून घेण्यास त्याची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोक तापतें, हा अनुभव सर्वांना आहे. हवा दाबली कीं ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें हेंच तत्त्व हातीं घेतलें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवावें लागतें; डिझेलच्या इंजिनांत हवाच इतकी दाबतात कीं तिच्यांत इंधनाचा फवारा शिरतांच तें आपोआप पेट घेतें. डिझेलला १८९३ सालीं या कल्पनेचें पेटंट मिळालें आणि १८९७ मध्यें ऑग्सबर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी झालें. १९१३ सालीं आगबोटीनें इंग्लंडकडे जात असतां तो समुद्रांत नाहींसा झाला; आपलें इंजिन कुटुंबाच्या मोटारींत बसलेलें पाहणें कांहीं त्याच्या नशिबीं नव्हतें. १९३६ सालीं मर्सिडीज-बेंझ कंपनीनें तशी गाडी लोकांपुढें आणली. हवा अधिक दाबल्यामुळें हें इंजिन त्याच इंधनांतून अधिक काम काढून घेतें, आणि मंद गतींतहि त्याचा जोर भरपूर असतो. पांच माणसें, त्यांचें सामान आणि परत येतांना गांवाहून दिलेलीं तांदळाचीं व आंब्याचीं ओझीं घेऊन ती गाडी कसारा घाट न कुरकुरतां चढते, याचें रहस्य हें आहे.

या गाडीचा आपल्या गांवाशीं असलेला एक संबंध मात्र पुष्कळांच्या विस्मरणांत गेला आहे. १९९० नंतरच्या दशकांत कल्याण-शिळ रस्त्यावरील प्रीमियर कंपनीच्या कारखान्यांत फ्रान्समधील प्युजो कंपनीच्या सहकार्यानें प्युजो ३०९ ही मोटार तयार होत होती, आणि तिचा एक प्रकार डिझेलचा होता. कल्याण-डोंबिवलीच्या मातींत घडलेली ती कुटुंबाची डिझेल गाडी! परंतु हा सहकार फार काळ टिकला नाहीं. १९९७ मध्यें फ्रेंच कंपनीनें अंग काढून घेतलें. पुढें १९९८ च्या अखेरीस पुण्याच्या टाटा कारखान्यांतून इंडिका आली, आणि डिझेलची लहान गाडी खऱ्या अर्थानें मध्यमवर्गाच्या अंगणांत उभी राहिली. त्या काळीं शेतकरी, मालमोटारी आणि एस. टी. यांच्या सोयीसाठीं सरकार डिझेलचा भाव खालीं ठेवीत असे. त्या सवलतीचा लाभ घरगुती गाडीवाल्यालाहि आपसूक मिळाला. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणांतून मुक्त झाला आणि तो जुना हिशेब मोडला.

हिशेबाचीच गोष्ट निघाली आहे तर ती कागदावर मांडून पाहावी. समजा, पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि गाडी एका लिटरांत १५ किलोमीटर जाते; म्हणजे दर किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९० रुपये असून गाडी २० किलोमीटर जाते. म्हणजे साडेचार रुपये. बचत अडीच रुपयांची. आतां डिझेलची गाडी विकत घेतांना दीड लाख रुपये अधिक पडले असतील, तर ते वसूल होण्यास ६०,००० किलोमीटर धांवलें पाहिजे. ज्याची गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर फिरते त्याचे पैसे तीन वर्षांत परत येतील. परंतु जो गृहस्थ रोज लोकलनें जातो आणि वर्षांतून चार वेळां गांवाला जातो, त्याची गाडी वर्षाला ६,००० किलोमीटरच्या पुढें क्वचित् जाईल. त्याला दहा वर्षें वाट पाहावी लागेल, आणि तोंपर्यंत गाडीचें वय झालेलें असेल. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तु आपण ती वापरली तरच स्वस्त पडते, हा धडा डिझेलच्या गाडीइतका स्पष्टपणें दुसरी कोणतीहि वस्तु शिकवीत नाहीं.

यांत १ एप्रिल २०२० पासून एका नव्या गोष्टीची भर पडली. त्या दिवसापासून भारत-६ हे धुराचे कडक नियम देशभर लागू झाले. मारुतीनें तर त्याच वेळीं डिझेलच्या मोटारी बनविणेंच सोडून दिलें. ज्या कंपन्यांनीं त्या चालू ठेवल्या, त्यांच्या नव्या गाड्यांत धुरांतील काजळी अडविणारी एक गाळणी असते. सांठलेली काजळी जाळून टाकण्यासाठीं तेथील उष्णमान सुमारें ६०० अंशांपर्यंत चढावें लागतें, आणि तें गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारखी कांहीं वेळ धांवली तरच सहज चढतें. केवळ मंडईपर्यंत आणि शाळेपर्यंत जाणाऱ्या गाडीची ही गाळणी तुंबते व मोठा खर्च उभा राहतो. दूर जाण्यासाठीं घेतलेली गाडी दूर नेलीच पाहिजे, नाहीं तर ती आजारी पडते!

डिझेलच्या गाडीविषयीं एक गैरसमज आपल्या भागांत विशेष घातक आहे. ठिणगीची भानगड नसल्यामुळें ही गाडी पाण्यांतून खुशाल जाते, असें पुष्कळजण मानतात. २६ जुलै २००५ चा महापूर ज्यांनीं कल्याण-बदलापूरकडे पाहिला, किंवा २७ जुलै २०१९ रोजीं वांगणीजवळ उल्हास नदीच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकल्याचें ज्यांना स्मरतें, त्यांना या पाण्याचा वेग सांगावयास नको. हवा दाबतां येते, पाणी दाबतां येत नाहीं. इंजिनाच्या श्वासाबरोबर पाणी आंत शिरलें तर आंतील पोलादी दांडे वांकतात, आणि मग दुरुस्तीपेक्षां नवें इंजिन स्वस्त पडतें. पाण्यांत बंद पडलेली गाडी पुन्हां चालू करण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये. आणि हें झालें यंत्राचें. माणसांची किंमत त्याहून किती तरी अधिक आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरांत वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्यांसह त्यावरील वाहनें नदींत गेलीं. पुढचा रस्ता नाहींसा झाला आहे, हें अंधारांत कोणाला दिसणार? भर पावसांत रात्रीचा प्रवास टाळावा, हें जुन्या माणसांचें सांगणें भित्रेपणाचें नव्हे.

घाट उतरतांना इंधन वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें, ही दुसरी खोड. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्यें असून चालकानें पाय उचलला, तर उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. उलट न्यूट्रलमध्यें इंजिन चालू ठेवण्यास इंधन लागतच राहतें. म्हणजे ज्या बचतीसाठीं जीव धोक्यांत घालावयाचा, ती बचतसुद्धां होत नाहीं, आणि ब्रेक मात्र तापून निकामी होण्याची भीति उरते. ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजहि खरा आहे.

आतां तर प्रवासाची कल्पनाच बदलून गेली आहे. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं भिवंडी तालुक्यांतील आमणें येथपर्यंत पूर्ण खुला झाला, आणि इगतपुरीजवळच्या सुमारें आठ किलोमीटरांच्या बोगद्यानें कसारा घाटाला वळसा मिळाला. कल्याणकराच्या जवळजवळ दारांतून विदर्भाची वाट सुरू झाली. पण सरळ रस्त्याचाहि एक धोका असतो. घाटांत वळणें चालकाला जागें ठेवतात. सपाट, सरळ रस्त्यावर डोळे उघडे राहून मन झोंपतें. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन २५ प्रवासी मृत्युमुखीं पडले. डिझेलची टांकी एका दमांत ८०० किलोमीटर पुरेल. परंतु माणूस तितका पुरत नाहीं. दर दोन तासांनीं उतरावें, चार पावलें चालावें, टायर थंड असतांनाच सकाळीं त्यांतील हवा पाहावी, आणि मध्यरात्र ते पहाट या वेळीं चाकामागें बसूं नये.

एक प्रश्न अजून उरतो, आणि तो आपल्या शेजाऱ्यांचा आहे. जून २०१२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो असा निर्णय दिला. घाटांत ही गाडी शोभते. पण कल्याणच्या पत्री पुलाच्या रांगेंत किंवा ठाण्याच्या माजिवड्याच्या चौकांत अर्धा तास घुरघुरत उभी असते, तेव्हां तिचा धूर शेजारच्या रिक्षांतील शाळकरी मुलाच्या छातींत जातो. आपली बचत दुसऱ्याच्या श्वासांतून होत नाहीं ना, हें पाहणें सुसंस्कृत माणसाचें कर्तव्य आहे.

डोंबिवलींतील एका घरीं या सर्व गोष्टींचा विचार एकाच रात्रीं करावा लागला. एम. एच. ०५ या क्रमांकाची त्यांची डिझेल गाडी पंधरा वर्षांची झाली होती. नोंदणी पुढें चालवावयाची तर तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर आला. मुलगा म्हणाला, “बाबा, आतां ही काढून टाकूं. महिनोन्महिने उभीच असते.” वडिलांना तें पटत होतें, पण तोंडून होकार निघेना. तेवढ्यांत कोपऱ्यांत बसलेली आजी म्हणाली, “माझ्यानें आतां आगगाडीचा जिना चढवत नाहीं रे. ही गेली कीं माझा गांवहि गेला, असें समज.” त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे नेली, धूर तपासून घेतला, ब्रेक व टायर बदलले आणि पांच वर्षांसाठीं नोंदणी वाढविली. मात्र मुलानें तीन अटी घातल्या आणि वडिलांनीं त्या मान्य केल्या: शहरांत ही गाडी वापरावयाची नाहीं, रात्रीं चालवावयाची नाहीं, आणि दोघांनीं आळीपाळीनें चालवावयाची. त्या मे महिन्यांत आजी आपल्या जुन्या घराच्या ओसरीवर आठ दिवस बसून आली.

हिशेबाच्या वहींत हा निर्णय कदाचित् तोट्याचा ठरेल. दुसऱ्या एखाद्या घरानें, जेथें अशी आजी नाहीं आणि गांवहि नाहीं, ती गाडी काढून टाकली असती तर तेंहि तितकेंच योग्य झालें असतें. गाडी घ्यावी कीं ठेवावी, डिझेलची कीं पेट्रोलची, याचें सर्वांना लागू पडणारें उत्तर नाहीं. ती कोणासाठीं जाणार, वर्षाला किती जाणार, आणि कोणाच्या दारावरून धूर सोडीत जाणार, हे तीन प्रश्न ज्यानें घरच्या माणसांसमोर बसून सोडविले त्याचा निर्णय सहसा चुकत नाहीं. आणि निर्णय कोणताहि होवो, प्रवासाला निघतांना एवढें विसरूं नये कीं मुक्कामाला लवकर पोंचण्यापेक्षां, जितकीं माणसें घेऊन निघालों तितकीं सुखरूप घरीं परत आणणें, हेंच गाडीचें आणि ती चालविणाऱ्याचें खरें काम आहे.