चिकटवलेला कोड जातो कुठं?

अलीकडं बऱ्याच बचत गटांनी इंटरनेटवर आपलं मोफत पान उघडलंय. कुणी कांदा-लसूण चटणी विकतंय, कुणी गूळ, कुणी चपला. पैसे लागले नाहीत, फोटो चढले, मराठीत मजकूरही झकास बसला. मग पुढची हौस येते. आपलं रेडिओवरचं भाषण त्या पानावरच वाजावं, ऑर्डरचा फॉर्म तिथंच भरता यावा. कुणाचा तरी भाचा लांबलचक कोड पाठवतो आणि म्हणतो, ‘एवढं चिकटव, मावशी.’ मावशी चिकटवते, सेव्ह करते, पान उघडून बघते, तर तिथं काहीच नाही. नाहीतर ती इंग्रजी अक्षरंच तशीच्या तशी पसरलेली.

अशा वेळी बाई आधी स्वतःलाच दोष देते. मग कुणीतरी ‘दुरुस्त करून देतो’ म्हणत गटाच्या शिलकीतले पाचशे-हजार मागतं. म्हणून आधी हे ऐका. तुमच्या हातून काही बिघडलेलं नसतं. तो कोड कंपनीनं मुद्दाम काढून टाकलेला असतो.

वर्डप्रेस डॉट कॉमचंच घ्या. तिथं मोफत खात्यात स्क्रिप्ट, आयफ्रेम, फॉर्म असल्या प्रकारचा कोड ठेवू देत नाहीत. सेव्ह केलं की तो गळून पडतो. यूट्यूबवर मात्र एखादा माणूस तोच कोड वर्डप्रेसवर चालवून दाखवतो, आणि भाचा तिथंच फसतो. कारण वर्डप्रेस नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे सॉफ्टवेअर, ते घेऊन स्वतःच्या भाड्याच्या जागेवर वेबसाइट उभी करता येते. तिथं मालक तुम्ही, काय हवं ते चालवा. दुसरी म्हणजे ही डॉट कॉमवाली, कंपनीच्या जागेत फुकट मिळालेली खोली. नाव एकच असलं तरी नियम वेगळे.

आता कंपनी एवढी कडक का? फोटो आणि स्क्रिप्ट यांत मोठा फरक आहे. फोटो म्हणजे भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर, ते काही करत नाही. स्क्रिप्ट म्हणजे तुमच्या दुकानात बसवलेला माणूस. येणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो बोलतो, विचारतो, लिहून घेतो, आणि हुकूम मानतो तो त्याला पाठवणाऱ्याचा, तुमचा नव्हे. आणखी एक गोष्ट, हा माणूस काम करतो ते तुमच्या फोनमध्ये नाही, तर पान उघडणाऱ्याच्या फोनमध्ये. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो.

याचं गाजलेलं उदाहरण 2005 सालचं आहे. तेव्हा अमेरिकेत मायस्पेस नावाची साइट फार चालायची, फेसबुकच्याही आधी. तिथंही पानावर स्क्रिप्ट टाकायला बंदीच होती. सॅमी कामकर नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं त्यातून पळवाट काढली आणि स्वतःच्या पानावर थोडासा कोड लपवला. ते पान जो बघेल त्याच्या खात्यात सॅमी आपोआप मित्र म्हणून जोडला जायचा, आणि तोच कोड त्या माणसाच्या पानावरही जाऊन बसायचा. मग त्याचं पान बघणाऱ्याच्या पानावर. साथीसारखं पसरलं ते. साधारण वीस तासांत दहा लाखांवर खात्यांना लागण झाली आणि कंपनीला साइट काही काळ बंद करावी लागली. पोरानं हे गमतीनं केलं होतं, कुणाचा पैसा नेला नाही. तरी कोर्टानं शिक्षा दिलीच. चोरीच्या इराद्यानं कुणी केलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा. एकाच छताखाली लाखो पानं असतात, त्यामुळं एका खोलीतली आग शेजारी जायला वेळ लागत नाही.

कुणी म्हणेल, आम्ही कशाला असलं काही करतोय? बरोबर आहे. पण चिकटवलेला कोड बहुतेक वेळा आपला नसतोच. तो कुठल्यातरी तिसऱ्याच जागेवरून दर वेळी मागवला जातो. आज तिथला मालक भला असेल, उद्या जागा विकली गेली तर? हेही घडलंय. पॉलिफिल नावाची अशी एक सोय होती, हजारो वेबसाइटवाल्यांनी विश्वासानं वापरलेली. 2024 च्या फेब्रुवारीत ती दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आणि जूनमध्ये उघडकीला आलं, की त्याच कोडमधून लोकांना भलत्याच साइटवर ढकललं जातंय. एक लाखाहून जास्त वेबसाइट त्यात सापडल्या. त्यांच्या मालकांनी नवीन काहीही केलं नव्हतं. जुना कोड तसाच राहिला होता, एवढंच.

ब्लॉगर ही गूगलची सोय आहे, तिथं असला कोड पुष्कळ चालतो. त्यामुळं ‘तिकडं चालतंय की’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं नाही. पण तिथं राखण तुमची तुम्हीच करायची. आणि डोलणारी फुलं, टिकटिकणारं घड्याळ, ‘इतकी माणसं येऊन गेली’ असा आकडा, यांसाठी अनोळखी कोड घरात घेणं मला तरी परवडणारं वाटत नाही. गगनबावडा, शाहूवाडीकडं जिथं रेंज येते-जाते, तिथं असल्या सजावटीनं पान उघडतही नाही. गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं.

खरं सांगायचं तर कंपनीच्या या नियमात सुरक्षेबरोबर धंदाही आहे. वरच्या दराच्या योजना घेतल्या की बंद दारं उघडतात. महिन्याला चार डबे चटणी जाणाऱ्या गटानं त्यासाठी पैसे भरू नयेत, कारण आपलं काम नुसत्या लिंकवर होतं.

भाषण वाजवायचंय? आपल्या सामुदायिक रेडिओचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो, पुण्याला दिलेल्या लेकीला तो कसा ऐकू येणार? केंद्राची परवानगी घ्या, रेकॉर्डिंग यूट्यूबवर ठेवा. तिथं ‘एम्बेड’चा कोड घेऊ नका, ‘शेअर’ दाबून साधी लिंक कॉपी करा आणि पानावर ती वेगळ्या ओळीत एकटीच चिकटवा. वर्डप्रेस डॉट कॉम ती ओळखून स्वतःच व्हिडिओची चौकट लावतं. ओळखीच्या जागांची माणसं कंपनी आत घेते, अनोळखी घेत नाही.

नकाशाचं तसंच, गूगल मॅपवरच्या आपल्या ठिकाणाची लिंक द्या. ऑर्डरसाठी व्हॉट्सॲपची लिंक सगळ्यात सोपी. डब्ल्यू ए डॉट मी, मग तिरकी रेघ, मग 91 आणि लगेच गटाचा दहा आकडी नंबर, मध्ये जागा न सोडता. दाबलं की थेट तुमच्याशी बोलणं सुरू.

फॉर्म हवाच असेल तर गूगल फॉर्मची लिंक द्या, पण तो बनवा गटाच्या खात्यातून. भाच्याच्या खात्यातून बनवला तर गिऱ्हाइकांची नावं, नंबर सगळे त्याच्याकडं जातात, आणि उद्या तो नोकरीला बंगळूरला गेला की तुमची वहीच गेली. फॉर्ममध्ये नाव, गाव, फोन, किती किलो एवढंच विचारा. आधार नंबर, बँकेचा तपशील कशाला हवाय चटणीला? पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडं असू द्या. आणि रेकॉर्डिंगची मूळ फाइल एका पेनड्राइव्हवर घालून गटाच्या दप्तरात ठेवा.